पाकचॉय : ओळख, खरेदी आणि कढईपर्यंतची तयारी

ठाण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी एका संध्याकाळी भाजीची वाटी माझ्यासमोर धरली आणि विचारले, "अगं, मी पाण्याचा थेंबही घातला नव्हता, मग हा रस्सा आला कुठून?" वाटीत पाकचॉय ही चिनी पालेभाजी होती. पाने काळपट होऊन एकमेकांना चिकटली होती, देठ मात्र अजून कचकचीत होते आणि तळाशी बोटभर हिरवट पाणी साचले होते. काकूंनी ती पालकासारखी केली होती, म्हणजे जुडी सरसकट चिरली, धुऊन लगेच फोडणीत टाकली, वर मीठ भुरभुरले आणि झाकण ठेवले. पहिल्यांदा पाकचॉय आणणारी बहुतेक घरे हेच करतात आणि भाजीलाच नावे ठेवतात.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर भाजीच्या घडणीत आहे. पाकचॉयमध्ये सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि त्यातला मोठा वाटा जाडसर, रसरशीत देठांत साठलेला असतो. हे पाणी आतच राहिले तर देठ गोडसर आणि करकरीत लागतात, बाहेर आले तर सगळ्याचा लगदा होतो. त्यामुळे खरेदीपासून ताटापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर पाणी कुठे आहे आणि ते तिथे असायला हवे का, एवढेच पाहत राहावे लागते. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. हा क्रम बदलू नये, कारण बिघाडाचे मूळ साहित्यापेक्षा क्रमातच जास्त वेळा सापडते.

१. आधी ओळख पक्की करा

पाकचॉय, बोकचॉय, पाक चोई ही सर्व एकाच भाजीची नावे आहेत. कँटोनीज भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ "पांढरी भाजी" असा होतो. उत्तर चीनमधील मँडरिनमध्ये मात्र हेच शब्द लांबट चायनीज कोबीसाठीही वापरले जातात. नावांची सरमिसळ अशी मुळापासूनच असल्यामुळे दुकानातील पाटीवर विसंबण्यापेक्षा भाजी हातात घेऊन पाहावी.

पाकचॉयचा गड्डा कोबीसारखा मिटलेला नसतो. बुडख्याशी सर्व देठ एकमेकांना धरून असतात आणि वर पाने मोकळी पसरतात. देठ तळाशी रुंद व आतून खोलगट असतो, एखाद्या पसरट चमच्यासारखा. पान गुळगुळीत, गोलसर आणि जवळजवळ बिनचुण्यांचे असते. हिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात देठ शुभ्र आणि पाने गडद हिरवी असतात. दुसऱ्यात देठही फिकट पोपटी असतो आणि गड्डा ठेंगणा असतो, त्याला शांघाय पाकचॉय म्हणतात. घरच्या कढईसाठी मी दुसरा प्रकार निवडते, कारण त्याचे देठ कमी धागेदार असतात आणि देठ व पान यांच्या शिजण्याच्या वेळेत थोडे कमी अंतर असते.

गफलत होते ती मुख्यतः चार भाज्यांशी. चायनीज कोबी लांबट, गच्च आणि फिकट पिवळसर असतो व त्याची पाने चुणीदार असतात. चॉय समचे देठ बारीक असतात आणि शेंड्याला बहुतेक वेळा पिवळ्या फुलांचे तुरे असतात. काय लानचे खोड गोल व भरीव असते, पाने निळसर हिरवी आणि मेणचट असतात, फुले पांढरी येतात. या तिन्ही चुकून घरी आल्या तरी फारसे बिघडत नाही, त्या याच पद्धतीने परतता येतात. चौथी भाजी, म्हणजे स्विस चार्ड, मात्र नीट पारखून घ्यावी. तिचेही देठ रुंद आणि कधी कधी पांढरे असतात, पण पान मोठे व चुणीदार असते आणि चवीला ती पालकाकडे झुकते, कारण ती बीट आणि पालकाच्या कुळातील आहे. तिच्यात मूतखड्याला हातभार लावणारे ऑक्झलेट भरपूर असते, तर पाकचॉयमध्ये फार कमी. ज्यांना मूतखड्यामुळे पालक कमी करण्यास सांगितले आहे आणि म्हणून जे पाकचॉयकडे वळतात, त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

तपासणी : शंका असल्यास विक्रेत्याला विचारून पानाचा लहानसा तुकडा हातावर चुरडून हुंगावा. पाकचॉय मोहरीच्या कुळातील आहे आणि सलगमची तर ती अगदी जवळची नातलग आहे. चुरडलेल्या पानाला मुळ्याच्या पाल्यासारखा हलका तिखट वास येतो. चार्डला तो येत नाही.

२. कोठून आणि केव्हा घ्यावी

साध्या पालेभाजीच्या गाडीवर पाकचॉय मिळेलच असे नाही. ठाण्यात जांभळी नाक्याच्या किंवा गावदेवीच्या बाजारात ब्रोकोली, झुकिनी आणि रंगीत सिमला मिरची ठेवणारा विक्रेता शोधावा आणि "इंग्लिश भाजी" किंवा "चायनीज भाजी" असे विचारावे. नवी मुंबईत वाशीचे घाऊक भाजीपाला मार्केट जवळ आहे, परंतु तेथील व्यवहार मोठ्या प्रमाणाचा आणि पहाटेचा असतो. चार घरांनी मिळून घेणार असाल तरच तेथे जावे. दोन माणसांच्या भाजीसाठी वाशी-नेरूळमधील सुपरमार्केट किंवा सोसायटीखालचा भाजीवाला पुरेसा आहे.

हे थंड हवेचे पीक आहे. हिवाळ्यात गड्डे भरीव व गोड मिळतात. उन्हाळ्यात झाड लवकर फुलोऱ्यावर येते आणि पाने कडवट होतात. पावसाळ्यात बुडख्याशी सड धरते, म्हणून त्या दिवसांत गड्डा उलटा करून पाहिल्याशिवाय घेऊच नये.

दोन ते तीन माणसांना २५० ते ३०० ग्रॅम पुरते. पालक शिजून मूठभर होतो त्या अंदाजाने लोक दुप्पट पाकचॉय आणतात. येथे आक्रसतात ती पाने, देठ जवळपास तेवढेच राहतात.

३. गड्डा पारखताना

प्रथम बुडखा पाहावा. कापलेला भाग पांढरा आणि किंचित ओलसर असेल तर काढणी अलीकडची आहे. तो तपकिरी, कोरडा किंवा मध्ये पोकळ झाला असेल तर भाजीला दिवस झाले आहेत. त्यानंतर बाहेरचा एक देठ अंगठ्याने हलके दाबावा. तो ताठ लागला पाहिजे. दाबल्यावर वाकणारा देठ कितीही पांढराशुभ्र दिसला तरी त्यातील पाणी उडून गेलेले असते आणि असा देठ परतल्यावर दोरीसारखा चिवट लागतो.

मग पाने किंचित फाकवून गड्ड्याच्या मध्यात डोकवावे. आत कळ्यांचा बारीक दांडा दिसला तर भाजी जून होऊ लागली आहे. ती खाण्याजोगी असते, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने ती घेऊ नये. पानांवर दोन-चार टाचणीएवढी भोके असणे चालते. मोहरीवर्गीय पाल्याला अळ्या आणि भुंगे लागतातच. कडा पिवळ्या पडलेली पाने मात्र नकोत.

खबरदारी : भाजी टवटवीत दिसावी म्हणून टोपलीवर सतत पाणी शिंपडले जाते. गड्डा उलटा करून दोन वेळा झटकावा आणि मगच काट्यावर ठेवायला सांगावे. प्रत्येक देठ म्हणजे एक लहानशी पन्हळ असल्यामुळे या भाजीत जितके पाणी अडकते तितके मेथीच्या जुडीतही अडकत नसेल. वजनाचा तोटा होतोच, शिवाय अडकलेल्या पाण्याने आतली कोवळी पाने कुजतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पाकीट असेल तर तळाशी पाणी साचले आहे का ते उजेडाकडे धरून पाहावे.

४. घरी आणल्यावर : धुऊ नका

बाजारातून आल्याबरोबर भाज्या धुऊन ठेवण्याची सवय चांगल्या हेतूने लागलेली असते, पण पाकचॉयला ती मानवत नाही. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत देठांच्या खोबणीत राहिलेले पाणी दोन दिवसांत वाळत नाही आणि तेथूनच चिकट, वास मारणारी सड सुरू होते.

गड्डा न धुता, न कापता, बाहेरची खराब पाने तेवढी काढून, कोरड्या सुती कापडात किंवा कागदी रुमालात गुंडाळावा. छापील वर्तमानपत्र वापरू नये, कारण त्याची शाई ओलाव्याने भाजीला लागते. हे पुडके भोके असलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे. त्या कप्प्यात केळी, सफरचंद, पिकते आंबे किंवा टोमॅटो नसावेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने पाकचॉयची पाने एका रात्रीत पिवळी पडू लागतात. असे ठेवल्यास भाजी तीन-चार दिवस चांगली राहते. खरी चव पहिल्या दोन दिवसांचीच असते.

५. सुटी करणे, मग धुणे, मग चिरणे

येथे क्रम फार जपावा लागतो. चिरलेली भाजी धुतली की प्रत्येक कापातून आत पाणी शिरते आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे बाहेर जातात. अख्खा गड्डा नळाखाली धरला तर माती आतच राहते. म्हणून आधी बुडखा सुमारे १ सेंटिमीटर कापून टाकावा आणि देठ एकेक करून मोकळे करावेत. मधला बोटभर कोवळा गाभा तसाच अखंड ठेवावा.

एक देठ हातात घेऊन त्याच्या आतल्या बाजूला, अगदी तळाशी पाहा. जिथे तो बुडख्याला चिकटलेला होता तिथे नखाएवढ्या खोबणीत काळपट मातीची बारीक रेघ दिसेल. झाड वाढताना पावसाने किंवा तुषारांनी उडालेली माती वरून घरंगळत येऊन तिथे बसते आणि पुढचा देठ तिच्यावर वाढतो. नुसते पाणी ओतून ती निघत नाही, तिथे अंगठा फिरवावाच लागतो. भाजी खाताना दाताखाली जी कचकच येते ती याच रेघेची असते.

मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन सुटे देठ त्यात बुडवावेत, अंगठ्याने खोबणी चोळाव्यात आणि भाजी हाताने वर उचलून दुसऱ्या पातेल्यात काढावी. पातेले चाळणीवर उपडे करू नये, कारण तळाशी बसलेली माती पुन्हा भाजीवर येते. हे दोन ते तीन वेळा करावे. पानांना भोके असतील तर पहिल्या पाण्यात दर २ लिटरला एक मोठा चमचा मीठ घालून दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे अळ्या आणि मावा सुटून येतात. मिठाच्या पाण्याने कीटकनाशकेही पूर्ण निघून जातात असे मात्र समजू नये.

शांघाय प्रकाराचे वीतभर लांबीचे छोटे गड्डे उभे दोन भाग करून अखंडच परततात. तसे करायचे असेल तर कापलेले अर्धे भाग पाण्यात धरून देठांच्या फटी बोटाने फाकवत धुवावेत. दिसायला ते सुंदर असतात, पण हात बसेपर्यंत देठ सुटेच करावेत असे माझे मत आहे.

तपासणी : शेवटचे पाणी काढल्यावर पातेल्याच्या तळावरून बोट फिरवावे. एक कण जरी लागला तरी आणखी एक पाणी घालावे.

६. कोरडी करणे

हा टप्पा जवळजवळ सर्वजण गाळतात, आणि वाटीतल्या रश्शाचा अर्धा भाग येथूनच येतो. ओली पाने तापल्या तेलात पडली की तेलाची उष्णता आधी त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कढई थंडावते, भाजी परतली जाण्याऐवजी उकडू लागते, देठांतील पाणीही सुटते आणि ते आटण्याची वाट पाहता पाहता पाने काळवंडतात. शिवाय तेल उडून हात भाजतो तो वेगळाच.

धुतलेली भाजी रोळीत दहा-पंधरा मिनिटे निथळू द्यावी. देठांची खोलगट बाजू खाली राहील असे पाहावे, नाहीतर पाणी त्यातच साचून राहते. मग सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या कापडाने हलके टिपावी. पावसाळ्यात पंख्याखाली अर्धा तास ठेवल्यास उत्तम.

भाजी कोरडी झाल्यावरच चिरायला घ्यावी. पान जिथे देठाला सुरू होते तिथे आडवा काप देऊन दोन वेगळे ढीग करावेत. देठांचे तिरके, साधारण २ सेंटिमीटरचे तुकडे करावेत, पानांचे तीन बोटे रुंद तुकडे पुरेत. हे दोन ढीग कढईपर्यंत एकत्र करू नयेत. पाकचॉय म्हणजे एका बुडख्यावर वाढलेल्या दोन भाज्या आहेत असे धरून चालल्यास पुढचे सारे सोपे होते.

७. परतणे

३०० ग्रॅम भाजीसाठी दीड मोठा चमचा तेल, ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, अर्धा इंच आल्याचे बारीक काप, आवडत असल्यास एक हिरवी मिरची आणि मीठ एवढे साहित्य लागते. शेंगदाण्याचे तेल अगदी योग्य आहे. दक्षिण चीनच्या स्वयंपाकातही तेच वापरतात, त्यामुळे वेगळे तेल आणण्याची गरज नाही. कढई लोखंडी असेल तर फार चांगले, ती उष्णता धरून ठेवते.

सर्व साहित्य ओट्यावर मांडूनच गॅस पेटवावा, कारण पुढचे काम चार मिनिटांत संपते आणि मध्ये लसूण सोलायला वेळ मिळत नाही. रिकामी कढई मोठ्या आचेवर चांगली तापवून तेल घालावे. तेल तापले की लसूण आणि आले टाकून पंधरा-वीस सेकंद हलवावे. लसणाचा वास सुटला पाहिजे, रंग बदलता कामा नये. लगेच देठ घालावेत आणि सतत हलवत दीड ते दोन मिनिटे परतावेत. पांढऱ्या देठाच्या कडा किंचित पारदर्शक दिसू लागल्या की पाने घालावीत. पाने चाळीस सेकंद ते एका मिनिटात मऊ पडतात. आता मीठ घालून दोनदा उलथावे आणि गॅस बंद करावा.

मीठ शेवटी घालण्याचे कारण साधे आहे. मीठ पेशींतील पाणी बाहेर ओढते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातल्यावर जे होते तेच येथे होते. सोया सॉस घालायचा असेल तर तो पाव ते अर्धा लहान चमचाच घ्यावा, तापलेल्या कढईच्या कडेने सोडावा आणि मीठ निम्मे करावे, कारण सोया सॉस स्वतः खूप खारट असतो. हॉटेलातल्यासारखी चकाकी हवी असेल तर एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून मिठाबरोबर घालावे आणि अर्धा मिनिट हलवावे.

खबरदारी : झाकण ठेवू नये. झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन परत कढईत पडते. त्याचबरोबर पाल्यातून निघणारी आम्ले वाफेबरोबर बाहेर जाऊ शकत नाहीत, आणि आम्ल व उष्णता यांमुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाऊन हिरवा रंग शेवाळी होतो. लिंबू किंवा व्हिनेगर घालायचे ते भाजी ताटात वाढल्यावरच. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालू नये, त्याने भाजी गिळगिळीत होते आणि जीवनसत्त्वेही नष्ट होतात.

घरच्या गॅसची आच हॉटेलच्या शेगडीएवढी नसते. म्हणून अर्धा किलो भाजी असेल तर दोन घाणे करावेत. कढईत ढीग झाला की खालची भाजी परतली जाते आणि वरची वाफेवर उकडते.

तपासणी : देठाचा तुकडा दाताखाली धरल्यावर प्रथम करकरला पाहिजे आणि मग गोडसर रस सुटला पाहिजे. मोहरीसारखा कच्चा तिखटपणा जाणवला तर पुढच्या वेळी देठांना अर्धा मिनिट जास्त द्यावा, पानांना देऊ नये.

आपल्या पद्धतीने करायची झाल्यास मोहरी, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी या भाजीला छान लागते आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चालते. गोडा मसाला, कांदा-टोमॅटो आणि दाण्याचे कूट मात्र टाळावे. चव झाकली जाते हे एक, आणि टोमॅटो म्हणजे पुन्हा आम्ल आणि पाणी.

८. सूप किंवा नूडल्ससाठी

२ लिटर पाणी खळखळून उकळावे, त्यात एक लहान चमचा मीठ आणि थोडे तेल घालावे. आधी देठ घालावेत, पाऊण मिनिटाने पाने घालावीत आणि आणखी वीस-तीस सेकंदांनी सर्व बाहेर काढून थंड पाण्यात टाकावे. गार झाल्यावर हाताने दाबून पाणी काढावे. सुपात ही भाजी गॅस बंद करण्याच्या क्षणी घालावी. तिला सुपात उकळू देऊ नये.

९. कोणी जपून खावी

या भाजीत के जीवनसत्त्व बरेच असते. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असलेल्यांनी ती अचानक रोज खायला सुरुवात करू नये, डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवावे. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी कच्च्या पाकचॉयचा रस किंवा सॅलड रोज घेणे टाळावे. २०१० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ८८ वर्षांच्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली होती. त्या कित्येक महिने रोज १ ते दीड किलो कच्ची पाकचॉय खात होत्या आणि थायरॉइडचे कार्य पार मंदावल्याने त्यांना गंभीर अवस्थेत रुग्णालयात आणावे लागले. एवढे प्रमाण कोणाच्या घरी होत नाही आणि शिजवलेल्या वाटीभर भाजीला घाबरण्याचेही कारण नाही. रोज कच्च्या रसाचा पेला घेण्याचा सल्ला मात्र फार सहज दिला जातो, म्हणून हे लिहिले.

१०. उरली तर

परतलेली पाकचॉय डब्यात बंद करून नेण्यासारखी नाही, कारण बंद डब्यातील वाफ झाकणाचेच काम करते. डब्यासाठी करायचीच असेल तर देठ थोडे कमी परतावेत आणि भाजी पूर्ण गार झाल्यावर डबा भरावा. रात्री उरलेली भाजी लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी वापरावी. तिला सुटलेले पाणी ओतून देऊ नये, त्यात मीठ आणि लसणाची चव उतरलेली असते. उरलेला भात मोकळा करून मोठ्या आचेवर परतावा, त्यावर हे पाणी शिंपडावे आणि भाजी बारीक चिरून अगदी शेवटी मिसळावी.